माशोचं किरिए तारांवर: जुनेच सूर लावावेत का?

गजधारी
आम्ही चौघं हौशी वादक: दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. गेले चार महिने फ्रेंच रचनाकार गीयोम द माशोच्या 'मेस द नोत्र दाम'मधलं (मेस म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीचं संगीत) किरिए वाजवतोय. चौदाव्या शतकातली चार आवाजांची प्रार्थना, मूळ गाण्यासाठी रचलेली. परवा घरच्या बैठकीत एकांनी विचारलं, "सूर मुद्दाम असे का लावलेत? मध्येच बोचतात." माझं मत पक्कं आहे. हे संगीत तारांवर घ्यायचं तर शुद्ध पंचमांनी लावलेल्या सुरांतच घ्यावं. पियानोच्या पट्टीत त्याचा जीव जातो.

आपल्या स्वरनावांत सांगतो. ओळ संपायला आली की माशोचे आवाज बऱ्याचदा रे, तीव्र म आणि नी वर येऊन थांबतात. मग रे खाली सा वर येतो, तीव्र म प वर चढतो, नी तार सा गाठतो. पंचमावर पंचम (कंपनांचं प्रमाण ३:२) रचत गेलं की रे ते तीव्र म हे अंतर ८१:६४ होतं, म्हणजे ४०८ सेंट (पियानोच्या शेजारशेजारच्या दोन सुरांत १०० सेंट असतात). तंबोऱ्याच्या खर्जात आपोआप उमटतो तो गंधार ५:४ चा, ३८६ सेंटचा. म्हणजे इथे २२ सेंट चढं. म्हणूनच तिथे कान विसावत नाही, पुढे जावंसं वाटतं. आणि तीव्र म ते प उरतात फक्त ९० सेंट, पियानोवर १०० असतात. तेवढ्याशा फटीतून सूर पंचमाला मिळतो तेव्हा माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. बोचणं काढलंत तर ते मिळणंही जाईल.

शब्दवेडी
सेंट मोजण्याआधी एक सांगा, शब्द कुठे गेले? "किरिए एलेइसॉन", प्रभो दया कर, एवढंच तर मागणं आहे. तारा दया मागत नाहीत. अभंग व्हायोलिनवर वाजला तर आपल्याला शब्द आतून ऐकू येतात, कारण ते लहानपणापासून पाठ आहेत. तुमच्या बैठकीतल्या किती जणांना हे शब्द पाठ होते?

जर्मन मठवासिनी आणि रचनाकार बिंगेनच्या हिल्डेगार्डचं (१०९८–११७९) घ्या. पदंही तिची, चालही तिचीच. नुसती चाल उचलली की अर्धी हिल्डेगार्ड बाहेर राहिली. माशोचंच 'मा फँ ए मों कोमांसमां' पाहा, 'माझा शेवट हीच माझी सुरुवात'. एक आवाज दुसऱ्याचं गाणं उलटं गातो, तिसरा अर्ध्यावर येऊन आपलंच गाणं उलटं फिरवतो, आणि हे सगळं शब्दच सांगतात. तारांवर ते कोणाला कळणार?

गजधारी
शब्द जातात, हे मान्य. पण तारा उपऱ्या नाहीत. १३०० च्या सुमारास पॅरिसमध्ये संगीतावर लिहिणाऱ्या योहानेस द ग्रोकेओने लिहून ठेवलंय की चांगला व्हिएलवादक सगळ्या प्रकारची गाणी आपल्या वाद्यावर घेतो. व्हिएल म्हणजे त्या काळचं गजाचं वाद्य. ग्रोकेओच्या थोडं आधी जेरोम ऑफ मोराव्हियाने आपल्या संगीतग्रंथात व्हिएलच्या तारा लावायच्या तीन पद्धती दिल्यात.

शब्दवेडी
तोच ग्रोकेओ श्रीमंतांच्या मेजवान्यांतल्या वादनाबद्दल बोलतोय. माशोचं मेस फ्रान्समधल्या रँसच्या कॅथीड्रलसाठी होतं. मेजवानीचा दाखला प्रार्थनेला लावू नका.

मिरजेचा तंबोरा
मी सुरांबद्दल बोलतो. ४०८ सेंट हे एकतारी मोजपट्टीवरचं (एकच तार मोजून विभागायच्या वाद्यावरचं) गणित आहे, गळ्यातलं नव्हे. १३०० च्या आसपासच इंग्लंडमधल्या वॉल्टर ओडिंग्टन या मठवासीयाने नोंदवलंय की हे अंतर ५:४ च्या अगदी जवळ आहे आणि गाणारे ते गळ्याने गोड करून घेतात. म्हणजे ग्रंथ एक सांगत होते आणि कान दुसरीकडे ओढत होता. माझा जन्म तंबोऱ्याशेजारी गेला. समोर कोणी दुसरा सूर धरून असेल तर गळा आपोआप त्याला मिळायला जातो, हे मी रोज पाहतो. तुम्ही "जुने सूर" म्हणता ते पुस्तकातले सूर आहेत.

गजधारी
ओडिंग्टनचा मुद्दा वजनदार आहे. पण तो इंग्लंडचा, आणि तिथल्या गायकांना अशी गोड अंतरं फार आवडायची, ती लांबवर धरून ठेवायची. माशोकडे ती धरून ठेवायची जागाच नाही, ती ओलांडायची आहेत. गोड केलीत तर तीव्र म ते प ११२ सेंट होतात आणि शेवट सैल पडतो. आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

व्हिओला, चौथी खुर्ची
मी यांच्याच चौकडीतली. घरी करून बघण्यासारखं सांगते. पाश्चात्य स्वरनावांत, व्हिओलाच्या सी तारेपासून सुरुवात करून जी, डी, ए आणि व्हायोलिनची ई, सगळ्या शुद्ध पंचमात लावा. आता सी तारेच्या पाचव्या हिश्शावर बोट दाबू नका, नुसतं टेकवा आणि गज ओढा. शिट्टीसारखा ई निघतो. त्याच वेळी व्हायोलिनने मोकळी ई वाजवायची. दोन्ही ई, पण जुळत नाहीत, सेकंदाला साधारण आठ हेलकावे ऐकू येतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुंट्या परत तपासल्या. चूक कोणाचीच नव्हती. गजधारींचा पंचमांतून आलेला ई आणि तंबोरावाल्यांचा ५:४ चा ई, दोन्ही एकाच वाद्यसंचात बसलेले आहेत.

म्हणून मला नव्या रचना हव्यात. अमेरिकन रचनाकार बेन जॉन्स्टनचं चौथं स्ट्रिंग क्वार्टेट (१९७३) 'अमेझिंग ग्रेस'च्या चालीवर आहे. ते शुद्ध पंचमांच्या सुरांतून सुरू होतं आणि पुढे ५:४ चे, मग सातव्या स्वरांशाचे (७:४ चे) सूर त्यात येतात. क्रोनोस क्वार्टेट या तारवाद्यांच्या चौकडीने १९९७ च्या अल्बममध्ये माशो आणि स्वतःच्या वेगळ्या सुरांत रचणारा अमेरिकन हॅरी पार्च एकत्र घेतले, तेही मला याचसाठी पटतं. माशोनंतर लगेच जॉन्स्टन वाजवलं की श्रोत्याला न समजावता फरक ऐकू येतो.

शब्दवेडी
जॉन्स्टनला माझी हरकत नाही. ते तारांसाठीच लिहिलंय, कोणाच्या तोंडचं काही काढून घेतलेलं नाही. माशो वाजवण्याआधी मात्र एकदा ते किरिए चौघांनी गाऊन दाखवा. गळा कसाही असो.

मिरजेचा तंबोरा
आणि दोन्ही प्रकारांचं रेकॉर्डिंग टाका. ऐकल्याशिवाय मी मत बदलणार नाही.

गजधारी
रविवारी आधी गाऊ, मग दोन्ही प्रकारे वाजवून टाकतो. ऐकताना शेवटून दुसऱ्या सुरावर कान ठेवा. शेवटचा दोन्हींत सारखाच आहे: सा, प, सां. त्यात गंधार नाहीच.