एफबीआय क्लिअरन्ससाठी बोटांचे ठसे : ठाणे-नवी मुंबईतून कसं करायचं?

ऐरोलीकर

कॅनडाच्या एक्स्प्रेस एन्ट्रीचं आयटीए, म्हणजे कायम रहिवासाचा अर्ज करायचं बोलावणं, आलंय, कागदपत्रं चढवायला ६० दिवस आहेत. मी आणि बायको २०१८ ते २०२२ न्यू जर्सीत होतो, मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. म्हणजे दोघांचंही एफबीआय क्लिअरन्स, तिकडच्या गुन्हे-नोंदीचा दाखला, लागणार. भारताचं पीसीसी (पोलिसांचा दाखला) पासपोर्ट सेवेतून काढायचं, ते कळलं. घोडं अडलंय ठशांपाशी.

ठसे पोलीस स्टेशनातच घ्यावे लागतात की खासगी माणूस चालतो? व्हिसाच्या वेळी दहाही बोटं स्कॅन झाली होती, ती का वापरत नाहीत? एक एजंट 'चॅनलर'मार्फत आठवड्यात आणून देतो म्हणतोय, माणशी १८ हजार. आणि बायको तिकडे गेली तेव्हा पासपोर्टवर माहेरचं आडनाव होतं, आता सासरचं आहे. त्याने काही बिघडतं का?

घोडबंदरचा_ट्रॅफिक

एजंटला लांबूनच नमस्कार करा. चॅनलर म्हणजे एफबीआयने मान्यता दिलेल्या खासगी कंपन्या, पण त्यांना फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांचे अर्ज घेता येतात. एच-१बी करून परत आलेला माणूस त्यात बसत नाही. एजंट गुपचूप थेट एफबीआयकडेच अर्ज टाकणार, आणि तिथली फी आहे माणशी १८ डॉलर. बाकीचे पैसे कशाचे, हा प्रश्न त्यालाच विचारा.

व्हिसाचे ठसे होमलँड सिक्युरिटीच्या साठ्यात असतात. एफबीआयची यंत्रणा वेगळी, आणि स्वतःची नोंद मागणाऱ्याला ठसे नव्याने द्यावेच लागतात.

आता क्रम. एफबीआयच्या साइटवर 'आयडेंटिटी हिस्टरी समरी चेक'चा ऑनलाइन अर्ज आहे. ईमेल टाकला की लिंक आणि पिन येतो. माहिती भरा, क्रेडिट कार्डाने १८ डॉलर भरा. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करून ठेवा, नाहीतर पेमेंट तिथेच आपटतं. मग ऑर्डर नंबरचा ईमेल येतो. तो छापायचा, ठशांच्या कार्डासोबत जोडायचा आणि कुरिअरने वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला, एफबीआयच्या सीजेआयएस विभागाला पाठवायचा. पत्ता त्या ईमेलमध्ये आहे तसाच उतरवा. पत्त्यातली 'इलेक्ट्रॉनिक समरी रिक्वेस्ट' ही ओळ गाळू नका. अर्ज भरताना अमेरिकेतल्या पोस्टात ठसे देण्याचा पर्याय दिसेल, तो तिकडे असणाऱ्यांसाठी आहे.

नवरा-बायकोचे अर्ज दोन, ऑर्डर नंबर दोन, फी दोनदा. पाकिटंही दोन करा. एकाचा कागद दुसऱ्याच्या कार्डाला लागला तर निस्तरायला इथून फोन करत बसावं लागेल.

अर्ज, ठसे सगळंच कागदावर पाठवायची जुनी पद्धतही आहे, पण त्यात उत्तर साध्या टपालाने येतं. ६० दिवसांच्या आत हवं असेल तर तिकडे वळूच नका.

शंखचक्र

वर दिलेला क्रम बरोबर आहे, पण कार्ड परत येतं ते ठशांच्या दर्जामुळे. त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

ठसे कोण घेतो यावर एफबीआय अडून बसत नाही. सराव असलेला माणूस हवा, एवढंच. हद्दीच्या पोलीस स्टेशनात काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी 'आमच्याकडे हे होत नाही' म्हणून परत पाठवतात. वरिष्ठ निरीक्षकांच्या नावाने साधा अर्ज, पासपोर्टची प्रत, आयटीएचं पत्र आणि एफबीआयच्या ऑर्डरचा ईमेल एवढं जोडून न्या. गणपती, निवडणूक, कुठलाही बंदोबस्त असेल त्या आठवड्यात जाऊ नका. ठसे घ्यायला नवखा शिपाई नको. आरोपींच्या ठशांच्या स्लिपा भरलेला हवालदार असेल तर तोच मागा, त्याचा हात बसलेला असतो. (जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्यूरो १८९७ साली कोलकात्यात निघाला. वर्गीकरणाची मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची, पद्धतीला नाव मात्र साहेबाचं, हेन्रीचं.) पोलिसांकडे जमलं नाही तर खासगी ठसेतज्ज्ञही चालतो.

ठशांचं कार्ड म्हणजे फॉर्म एफडी-११६४. एफबीआयच्या साइटवरून उतरवून साध्या पांढऱ्या कागदावर छापला तरी चालतो. छापताना 'फिट टू पेज' काढून 'अ‍ॅक्चुअल साइझ' ठेवा, नाहीतर चौकटी आकसतात आणि चार बोटं एकत्र मावत नाहीत. कागद १०० जीएसएमच्या आसपासचा, चकचकीत नको. चकचकीत कागद शाई पीत नाही, ती फरफटते.

शाई छापखान्याची काळी. बँकेत अंगठा लावायला ठेवतात तो जांभळा स्टँप पॅड समोर आला तर नको म्हणा. ती शाई पातळ, कागदावर पसरते आणि रेषांमधल्या फटी भरून टाकते. काचेवर किंवा धातूच्या पट्टीवर थोडी शाई घेऊन रोलरने पातळ थर करायचा. थर चमकत असेल तर शाई जास्त झाली, समजा.

चौकटींचा क्रम: वरची ओळ उजवा हात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. दुसरी ओळ डावा हात, तशीच. हे १० ठसे फिरवून घ्यायचे, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. तळाच्या ओळीत न फिरवता, सरळ दाबून: डाव्या हाताची चार बोटं, डावा अंगठा, उजवा अंगठा, उजव्या हाताची चार बोटं. तळाची ओळ कशाला, तर वरच्या चौकटींत बोटांची अदलाबदल झालीय का हे तिच्यावरून पडताळतात. तर्जनी दोनदा उमटली किंवा हात उलटे झाले तर कार्ड तिथेच बाद.

अंगठा अंगाच्या दिशेने फिरवायचा, बाकीची बोटं अंगापासून बाहेर. म्हणजे अवघडलेल्या स्थितीतून सैल स्थितीकडे, त्यामुळे बोट मध्येच धक्का खात नाही. एका दमात फिरवून सरळ वर उचलायचं. मागे-पुढे केलं की रेषा दुहेरी होतात. पहिल्या पेराच्या खालपर्यंत शाई लागली पाहिजे. आणि ज्याचे ठसे आहेत त्याने मदत करायला जाऊ नये! हात सैल सोडून दुसरीकडे बघत उभं राहावं.

नखापासून नखापर्यंत कशासाठी? शंखाच्या बोटाला एका बाजूला रेषांचा त्रिकोणी संगम असतो, चक्राच्या बोटाला साधारण दोन बाजूंना. हे संगम कडेला असतात. बोट अर्धवट फिरवलं की ते कागदावर येतच नाहीत आणि ठसा अपुरा ठरतो.

झाल्यावर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून एकेक चौकट तिथेच बघा. काळ्या रेषांमध्ये पांढऱ्या फटी सुट्या दिसल्या पाहिजेत. मधोमध काळा गोळा म्हणजे शाई किंवा दाब जास्त. करडी ठिपक्याठिपक्यांची नक्षी म्हणजे शाई कमी किंवा बोट कोरडं. माणशी निदान ३ कार्डं घ्या आणि तिन्ही एकाच पाकिटात पाठवा. एकातलं बोट नाही वाचता आलं तर दुसरं हाताशी असतं.

आपल्याकडचा पावसाळा आणि घाम हा वेगळाच ताप. प्रत्येक बोट स्पिरिटने पुसून लगेच शाई, लगेच ठसा. पाचही बोटांना एकदम शाई लावून ठेवली की शेवटच्यापर्यंत घाम सुटलेला असतो. याच्या उलट, भांड्यांच्या साबणाने किंवा रसायनांनी झिजलेली बोटं: आधी १०-१५ दिवस हातमोजे आणि रात्री क्रीम, पण ठशांच्या दिवशी हाताला काहीही लावायचं नाही. शाई काढायला आधी खोबरेल तेल, मग साबण.

ऐरोलीकर

आभार, एजंट रद्द. कार्डावरच्या वरच्या रकान्यांचं सांगा. रेस, वजन, जन्मठिकाण यात नेमकं काय घालायचं? आणि आडनावाचं?

कोपरीचा_कारकून

जन्मतारीख महिना आधी, मग दिवस, मग वर्ष. ३ ऑगस्ट आपल्या सवयीने लिहिलीत तर तिकडे ८ मार्च होते, आणि ऑनलाइन अर्जाशी जुळत नाही.

उंची फूट-इंचात तीन आकडी: ५ फूट ८ इंच म्हणजे ५०८. वजन पौंडांत, किलोला २.२ ने गुणा. रेसमध्ये आशियाईसाठीचं 'ए'. जन्मठिकाणी पूर्ण 'इंडिया' लिहा. नुसतं 'आय-एन' लिहिलंत तर तिकडे ते इंडियाना राज्य.

नाव आजच्या पासपोर्टवर आहे तसं, आडनाव आधी. ताईंचं माहेरचं पूर्ण नाव 'एलियस'च्या (इतर नावांच्या) रकान्यात, ऑनलाइन अर्जातही तसंच. शोध ठशांवर होत असल्याने आडनाव बदललं म्हणून नोंद हुकत नाही. पण कॅनडाच्या अर्जात सगळी नावं दाखवलेली असतात, तेव्हा इकडे-तिकडे एकच चित्र दिसलेलं बरं.

सही ठसे घेणाऱ्यासमोर करा. त्याची सही आणि तारीखही तिथेच घ्या, हा रकाना रिकामा राहतो आणि घरी आल्यावर लक्षात येतं. पोलीस स्टेशनचा गोल शिक्का मारायचा आग्रह झाला तर कोऱ्या समासात मारू द्या, बोटांच्या चौकटींवर मुळीच नाही. पाठवताना कार्डाची घडी नको. मागेपुढे पुठ्ठा आणि कुरिअरवर 'डॉक्युमेंट्स'.

वागळे_इस्टेट

मध्येच विचारतो. ऑस्ट्रेलियाच्या पीआरलाही (कायम रहिवासाला) हेच का? अमेरिकेत मी ८ महिने होतो. आणि स्पीडिंगचं एक तिकीट आहे, ते निघेल का?

घोडबंदरचा_ट्रॅफिक

कागद हाच, निकष वेगळा. ऑस्ट्रेलिया गेल्या १० वर्षांत एकूण १२ महिने किंवा जास्त राहिलेल्या देशाचं मागतं, १६ वर्षं वयानंतरचं. ८ महिन्यांवर सहसा लागणार नाही, त्यांनी खास मागितलं तर गोष्ट वेगळी. कॅनडाचा हिशेब सलग ६ महिने, गेल्या १० वर्षांत, १८ वर्षं वयानंतर.

साध्या स्पीडिंगला ठसे घेत नाहीत, त्यामुळे ते एफबीआयच्या नोंदीत सहसा नसतं. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली असेल तर ती मात्र असू शकते, खटला रद्द झाला असला तरी. नोंदीत नुसती अटक दिसते आणि निकालाचा रकाना रिकामा, असंही होतं. तसं असेल तर त्या कोर्टाकडून निकालाची प्रमाणित प्रत आधीच मागवून ठेवा आणि अर्जासोबत द्या. काहीच नसेल तर नोंद नसल्याचं छापून येतं.

ऐरोलीकर

आणि ६० दिवसांत आलंच नाही तर?

कोपरीचा_कारकून

तर एफबीआयच्या जागी पुरावा चढवायचा: ऑर्डरचा ईमेल, पैसे भरल्याची पावती, कुरिअर क्लार्क्सबर्गला पोचल्याचं ट्रॅकिंग, पाठवलेल्या कार्डांचा स्कॅन आणि एक पानी पत्र. स्वीकारायचं की अर्ज अपुरा ठरवायचा हे अधिकाऱ्याच्या हातात असतं, त्यामुळे तारखा बोलल्या पाहिजेत. आयटीएनंतर पाचव्या दिवशी अर्ज टाकलेला दिसला तर बाजू भक्कम, ५०व्या दिवशी टाकलेला दिसला तर कठीण. म्हणून कार्डं कुरिअरला देण्याआधी सगळी रंगीत स्कॅन करून ठेवा.

भारताच्या पीसीसीसाठी ५०० रुपये भरून लगेच अपॉइंटमेंट घ्या. सध्या राहताय त्या देशाचं सर्टिफिकेट अर्जाच्या दिवशी ६ महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, तुमच्या ६० दिवसांत तो प्रश्न येणार नाही. एफबीआयला ती अट नाही, फक्त तिथला शेवटचा मुक्काम संपल्यानंतरचं हवं. न्यू जर्सी राज्याचं वेगळं काढू नका, कॅनडाने मागितल्याशिवाय लागत नाही.

अपोस्टीलचं, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याचं, कोणी सुचवलं तर कॅनडासाठी नको. स्पेनसारखे देश मागतात. तेव्हा ते वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडून करावं लागतं, कारण एफबीआयचा कागद केंद्राचा, राज्याचा शिक्का त्यावर चालत नाही.

उत्तराची लिंक ईमेलवर येते आणि उघडायला तोच सुरुवातीचा पिन लागतो. दोघांचे पिन वेगवेगळे, नावासकट लिहून ठेवा. पीडीएफ मिळाल्यावर जशीच्या तशी चढवा, छापून पुन्हा स्कॅन करायची गरज नाही.