थायरॉइडची गोळी आणि लोहाची गोळी यांतील अंतर

दिवस राहिल्याचे कळताच थायरॉइडची गोळी थांबवावी, असा सल्ला या चर्चेत वर कोणीतरी दिला आहे; तो मला धोकादायक वाटतो. पहिले काही महिने बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पुरेशी कार्यरत नसल्याने त्याला आईच्याच संप्रेरकावर अवलंबून राहावे लागते, आणि म्हणूनच डॉक्टर या काळात लेव्होथायरॉक्सिनची (म्हणजे थायरॉइडच्या गोळीची) मात्रा बहुधा वाढवतात व साधारण दर 4 आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारा घटक) तपासतात.

मात्र, इथे कोणी न मांडलेला एक मुद्दा आहे. गुहागरला माझ्या धाकट्या जावेने गरोदरपणात थायरॉइडची गोळी एक दिवसही चुकवली नव्हती, तरी तिचा टीएसएच वाढतच राहिला. चिपळूणच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या कशा घेता, एवढेच विचारले, तेव्हा उलगडा झाला: उपकेंद्रातून मिळालेल्या लोहाच्या लाल गोळ्या, कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी, सारे ती सकाळच्या पेजेबरोबर एकदम घेत होती. लोह व कॅल्शियममुळे थायरॉइडची गोळी शरीरात नीट शोषली जात नाही. त्यांत किमान 4 तासांचे अंतर लागते. मग ती पहाटे उठल्यावर उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर थायरॉइडची, दुपारी जेवणानंतर कॅल्शियमची आणि रात्री लोहाची गोळी घेऊ लागली, आणि पुढच्याच तपासणीत आकडा खाली आला.