गोठ्यात घुशी आणि उंदीर, काही केल्या हटत नाहीत (दौंड तालुका)

गोठेवाली

नमस्कार मंडळी. दौंड तालुक्यात भीमेच्या पट्ट्यात आमचा गोठा आहे. आठ संकरित गाई, दोन म्हशी, शिवाय कालवडी. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार गावी. बाकी दिवस गोठा मी आणि सासरे बघतो. तिन्ही बाजूंना ऊस.

दसऱ्यानंतर कारखाने चालू झाले, पलीकडच्या पट्टीतला ऊस तुटला आणि तिथली सगळी जनता आमच्याकडे मुक्कामाला आली. रोज सकाळी गव्हाणीच्या मागे पाटीभर उकीर. मध्यंतरी गाभण गाईचा मागचा पाय कोब्यातून वीतभर खाली गेला, बघते तर आत सगळं पोकळ. हाड मोडलं नाही हे नशीब. गोळीपेंडीच्या पोत्यांना खालच्या कोपऱ्यात भोकं, पोतं उचललं की पेंड पायावर. मिल्किंग मशीनचा रबरी पाइप कुरतडला, कडबाकुट्टीची वायर खाल्ली. आणि पत्र्याखालच्या अँगलवरून रात्रभर वेगळीच पळापळ.

करून झालेले उपाय: पिंजऱ्यात कांदाभजी लावली. पहिल्या रात्री सापडले, नंतर ढुंकून बघत नाहीत. सापडलेले मारायचे नाहीत असा सासूबाईंचा हुकूम, गणपतीचं वाहन म्हणून. मग सासरे सायकलवरून ओढ्यापलीकडे सोडून येतात. मला दाट शंका आहे की सासरे घरी पोचायच्या आत उंदीर पोचलेले असतात. चिकट पुठ्ठा ठेवला, त्याला एक पाल आणि सासऱ्यांची चप्पल चिकटली. दुकानातून पुडी आणून भाकरीला लावली, एखाद-दुसरा मेला, पुढे भाकरी जागच्या जागी वाळली. पुण्याहून पेस्ट कंट्रोलवाला बोलावला, तो भिंतीकडेला काळे डबे ठेवून पैसे घेऊन गेला आणि आता फोन उचलत नाही.

शेजारचे म्हणतात, बिळात गॅसच्या गोळ्या टाक, एका रात्रीत मोकळी होशील. मला धीर होत नाही, कारण गोठ्याची आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एकच आहे. कुणी हे निस्तरलं असेल तर सांगा.

सिंहगडरोडकर

मांजर पाळा की! खर्च शून्य.

गोठेवाली

आहे हो. दूध पिते आणि पेंडीच्या पोत्यावर झोपते. त्याच पोत्याला खालून भोक असतं.

गोदामवाले काका

ताई, माझी सगळी नोकरी गुलटेकडीला मार्केट यार्डात भुसार गोदाम सांभाळण्यात गेली. आता सासवडजवळ दोन गाई सांभाळतो. जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

आधी गॅसच्या गोळ्यांचं. अजिबात नाही. ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. घुशीचं बीळ कुठून कुठे गेलंय हे तुम्हाला दिसत नाही, वायूला मात्र बरोबर सापडतं. भिंत सामाईक म्हणता, म्हणजे तो तुमच्या चुलीपाशी निघणार. झोपेत माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शिवाय त्या गोळ्यांच्या विक्रीवर सरकारी निर्बंध आहेत, त्या कुणाच्याही हातात पडायलाच नकोत. शेजाऱ्यांकडे असतील तर त्यांनाही सांगा.

आता मूळ गोष्ट. तुमच्याकडे एक नव्हे, दोन बिऱ्हाडं आहेत. उकीर काढणारी ती घूस. शेपूट अंगापेक्षा आखूड, तोंड बोथट, कोंडलीत तर केस फुलवून गुरगुरते. तिच्या वाटेला सहसा मांजर जात नाही, त्यामुळे तुमच्या मांजरीला दोष देऊ नका. अँगलवर पळतो तो घरचा काळा उंदीर, शेपूट अंगाहून लांब. तो वळचणीत, पत्र्याखाली, कडब्याच्या गंजीत राहतो. खाली ठेवलेल्या पिंजऱ्यात वरचा सापडत नाही आणि वर लावलेलं औषध खालच्या घुशीला कळतही नाही. दोघांचा बंदोबस्त वेगळा करायचा. दोघांत समान एवढंच की जेवतात तुमच्याच पोत्यात.

म्हणून औषधाच्या आधी पेंड. हे कुणी ऐकत नाही, कारण यात काही मेलेलं दिसत नाही. पण गोदामात आम्ही हेच बघितलं: पोती उघडी आहेत तोवर कितीही भारी आमिष ठेवा, त्याला उंदीर तोंड लावत नाही. पन्नास किलो गोळीपेंड समोर असताना तो तुमची वाळकी भाकरी कशाला खाईल? दोनशे लिटरचे ड्रम घ्या, क्लॅम्पच्या झाकणाचे. नुसतं दाबून बसणारं झाकण नको, घूस ते उचकटते. पत्र्याचा मिळाला तर उत्तम, प्लास्टिकचा घेतलात तर जाड आणि गुळगुळीत बघा, दात लावायला कड सापडली की तो संपला. जी पोती ड्रममध्ये मावणार नाहीत ती दीड-दोन फूट उंच फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून. मागून टॉर्च घेऊन फिरता आलं पाहिजे. रात्री गव्हाणीत भरडा-पेंडीचं उष्टं ठेवू नका. वैरण राहिली तर राहू दे, त्यासाठी उंदीर येत नाही.

मग बिळं. संध्याकाळी धारा उरकल्या की सगळी बिळं ओल्या मातीने लिंपून टाका. सकाळी जी उघडलेली दिसतील ती चालू, तेवढ्यांवर खूण करा. एकाच घुशीच्या बिळाला चार-पाच तोंडं असतात, त्यामुळे बिळं मोजून घाबरू नका.

तुमच्या भाकरीचं काय झालं ते सांगतो. ती पुडी बहुतेक झिंक फॉस्फाइडची. काळपट करडी पूड, लसणासारखा वास. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू होतो आणि उंदीर काही तासांत मरतो. पण जो थोडंसंच खाऊन, कळ सोसून वाचला, तो कित्येक आठवडे त्या आमिषाला शिवत नाही. त्यातून उंदीर नव्या वस्तूला मुळातच बुजतो. म्हणून ही पूड वापरायची असेल तर आधी दोन-तीन रात्री नुसती तेल चोळलेली कणी ठेवायची, जागा न बदलता. खायला सरावला की मग औषध: वजनाने ९६ भाग कणी, २ भाग तेल, २ भाग पूड. काठीने कालवायचं, हात लावायचा नाही, तोंडाला फडकं. पण हे बांधावरच्या बिळांसाठी, आणि तेही बिळाच्या आत सोडून वर माती ओढायची. गोठ्यात ही पूड आणू नका. तिला उतारा नाही, आणि कालवडी काय चाटतील याचा नेम नाही.

गोठ्यात ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या वापरा, ०.००५ टक्के लिहिलेल्या. याने रक्त गोठायचं थांबतं. उंदीर खाल्ल्यावर चार ते दहा दिवसांनी मरतो, त्यामुळे कशाने मेला हे बाकीच्यांना उमगत नाही आणि ते खात राहतात. वड्या उघड्यावर टाकू नका. चार इंची पीव्हीसी पाइपाचे हातभर तुकडे कापा, मधोमध वडी तारेने आवळा, पाइप भिंतीला चिकटून आडवा ठेवा. उंदीर भिंतीला अंग घासत चालतो, गोठ्याच्या मध्यावर ठेवलेलं वाया जातं. तसेच तुकडे वर अँगलला बांधा, काळ्या उंदरासाठी. पेस्ट कंट्रोलवाल्याचे डबे त्याच कामाचे आहेत, फेकू नका. पण वडी संपली की कुणीतरी नवी ठेवायला हवी, आणि तिथेच सगळी गंमत असते. खाणं थांबेपर्यंत भरत राहायचं.

चालू बिळं शांत झाली की काचेचे तुकडे आणि खडी ठोकून वर सिमेंट. नुसतं सिमेंट भरलंत तर घूस शेजारून उकरून बाहेर येते. दाराला खालून पत्र्याची पट्टी मारा. उंबरा आणि दार यांच्यात बोट गेलं तर पिल्लूही जातं. मोऱ्यांना अर्धा इंची वेल्डेड जाळी, बोहरी आळीत वाटेल त्या मापाची मिळते. आणि त्याच वेळी तो कोबाही फोडा. पोकळी खडी-मुरमाने ठोकून भरा, मगच नवा कोबा. गाय फसली तर औषधापेक्षा महाग पडेल.

सासूबाईंना सांगा, पेंड झाकली आणि बिळं बुजवली तर मारावे लागतील ते थोडेच.

पशुवैद्य (बारामतीकडचा)

काकांनी सांगितलंय ते बरोबर. मी जनावरांपुरतं जोडतो.

ब्रोमॅडिओलोन वापरताना रोज सकाळी मेलेले उंदीर शोधून उचला. हातमोजे किंवा चिमटा. दोन-अडीच फूट खोल पुरा, उकिरड्यावर टाकू नका, कारण मांजर-कुत्र्याने असे उंदीर खाल्ले तर त्यांनाही बाधा होते. तसं झालं तर व्हिटॅमिन के१ ने उपचार होतो, पण वेळेत आणलं पाहिजे. मांजर मलूल दिसली, हिरड्या पांढऱ्या पडल्या तर वाट बघू नका.

मेलेला उंदीर कडब्यात किंवा मुरघासात (हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यात) राहिला तर जास्त वाईट. कुजलेल्या मढ्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं. तो चारा खाल्लेली गाय मागच्या पायांनी लटपटते, जीभ ढिली पडते, गिळता येत नाही, ताप मात्र नसतो. एकदा बसली की बहुतेक उठत नाही. कुट्टी करताना पेंढी सोडून बघा. मुरघासाच्या बॅगेला दात लागले असतील तर त्याच दिवशी टेप मारा, भोकाभोवतीचा बुरशी आलेला भाग काढून टाका.

तिसरं लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जनावरांना आणि माणसांनाही होणारा जंतूंचा आजार. उंदराच्या मुतातून जंतू ओल्या चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. गाई गाभडतात किंवा एकाएकी दूध तुटतं, कास मऊच राहते आणि चारही सडांतून चिकासारखं घट्ट पिवळट येतं. कालवडीला लाल लघवी झाली तरी कळवा. दरवेळी खापर उंदरावर फोडता येत नाही, काही प्रकार गाईकडूनच गाईला जातात, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी. तुम्ही दोघं गोठ्यात अनवाणी जात असाल तर ते आधी बंद करा. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, असं काही झालं तर डॉक्टरांना गोठ्यात उंदीर आहेत हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पक्षीवेडा

विषाच्या आधी एकदा वर बघा. भीमेच्या पट्ट्यात गव्हाणी घुबड चांगलं आहे, पांढऱ्या बदामी चेहऱ्याचं. उंदीर हेच त्याचं मुख्य खाणं. आपल्याकडे ते अपशकुनी म्हणून हाकलतात. पुरंदरातल्या पिंगोरीला इला फाउंडेशनने घुबडांचा महोत्सव भरवला तो हा गैरसमज घालवायलाच. बांधावर इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे रोवा, आठ-दहा फूट उंच. घुबड वस्तीला असेल तर बाहेर ब्रोमॅडिओलोन वापरू नका, विष खाऊन सुस्तावलेला उंदीर आधी त्यालाच सापडतो.

गोदामवाले काका

घुबडाचं मान्य. पण पक्षीवेडे, कोब्याखालची घूस घुबड काढणार नाही. बाहेर घुबड, आत पाइप.

ऊसकरी यवत

ताई, उरलेला ऊस कधी तुटतोय? तो तुटला की पुन्हा लोंढा येणार. टोळी यायच्या आधी पेंड ड्रममध्ये आणि पाइप जागेवर पाहिजेत. गोठा आणि ऊस यांच्यात दहा फुटांचा पट्टा साफ ठेवा. गवत, पाचट, जुन्या ठिबकच्या नळ्या, काही नको. उघड्यावरून पळायला उंदीर भितो. आम्ही चार वस्त्यांनी मिळून एकाच आठवड्यात औषध घातलं तेव्हा कुठे फरक पडला. एकट्याने केलं तर शेजारचे रिकाम्या घरात राहायला येतात. वर्षाचं काम मे महिन्यात धरा, तेव्हा शेतात खायला कमी असतं आणि आमिष लागतं. पाऊस झाला, बाजरी भुईमूग आला की त्यांची पिलावळ सुरू. तीन आठवड्यांत एक वीण, एका विणीत सहा-आठ पिल्लं.

गोठेवाली

सगळ्यांचे आभार. केडगावहून क्लॅम्पचे ड्रम आणले. पहिल्याच रात्री झाकणावर नखांचे ओरखडे, पण पेंड शाबूत. बिळं लिंपून बघितली. मला वाटत होतं गोठाभर बिळं चालू आहेत, सकाळी उघडली ती सगळी गव्हाणीच्या एका टोकाला. सासूबाईंनी पाइपाला हरकत घेतली नाही. म्हणाल्या, आत जाऊन काय खायचं ते त्यांचं ते बघतील. सासऱ्यांची सायकल सध्या बंद आहे.

दोन शंका. मुरघासाच्या बॅगा गोठ्यातच ठेवाव्या लागतात, त्यांच्याजवळ पाइप ठेवला तर चालेल का? आणि कोबा रविवारी फोडायचा ठरतंय, नवरा येईल तेव्हा. त्याआधी काही बघायला हवं का?

पशुवैद्य (बारामतीकडचा)

बॅगांना टेकून नको. वडीचा चुरा चाऱ्यात जाता कामा नये. समोरच्या भिंतीला ठेवा आणि बॅगा जमिनीपासून उचला. गाभण गाय रविवारी दुसऱ्या दावणीला बांधा.

गोदामवाले काका

वड्या खाणं थांबल्याशिवाय कोबा फोडू नका, नाहीतर सगळ्या घुशी स्वयंपाकघराच्या बाजूला सरकतील. रविवारपर्यंत पाइपात वडी कुरतडलेली दिसली तर पुढचा रविवार धरा. फोडताना गमबूट घाला आणि पहार घालायच्या आधी पोकळीत टॉर्च मारा. घुशीच्या बिळात नाग राहायला येतो, घोणसही असते. साप दिसला तर काम तिथेच थांबवून सर्पमित्राला बोलवा. धामण निघाली तर तिला उसात जाऊ द्या, मारू नका. सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा.