रायफल गाडीत ठेवून उतरावं लागतं तेव्हा काय करता?

पन्नासमीटर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मी पन्नास मीटर प्रोन मारते, म्हणजे पालथं झोपून नेमबाजी. रेंज लांब आहे आणि गाडीत बहुतेक वेळा मी एकटीच. रायफल पॉइंट टू-टू (.२२) बोअरची, साडेसहा किलोची, नळीच्या टोकापासून बटप्लेटपर्यंत, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या पट्टीपर्यंत, ११३ सेंमी. कधी कधी नवऱ्याची ट्रॅपची (हवेत उडवलेल्या चकत्या टिपायच्या खेळाची) ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक दोन नळ्यांची, शॉटगनही सोबत असते. गाडी हॅचबॅक. म्हणजे मागे काचाच काचा, आणि डिकीवर नावापुरतं ते दोरीवर लटकणारं झाकण.

पेट्रोल भरताना अडचण नाही, मी गाडीपाशीच असते. पण लांबच्या प्रवासात स्वच्छतागृहात जावं लागतंच. सामन्याच्या ठिकाणी नावनोंदणीची रांग असते, आणि तिथे प्रत्येक वेळी पेटी आत नेऊ देतातच असं नाही. शिवाय एवढी लांब पेटी खांद्याला लावून बाई स्वच्छतागृहात शिरली की लोक कसे वळून बघतात ते मला विचारा.

सध्या मऊ कव्हर, वर चादर, आणि जीव टांगणीला. इंटरनेटवर तीन गोष्टी दिसतात: सीटला गुंडाळायची स्टीलची केबल, पोलिसांच्या गाडीत असतो तसा बटणाचा उभा रॅक, आणि लोखंडी पेटी. यातलं खरोखर उपयोगाचं काय? विकणाऱ्यांची मतं वाचून झालीत, वापरणाऱ्यांची हवीत.

रानवाट

केबल घ्या आणि विसरा. मी कितीतरी वर्षं चादरच टाकतोय, कोणी ढुंकून बघितलेलं नाही. उगाच गाडीला भोकं पाडून घेऊ नका. चोराला म्युझिक सिस्टीम हवी असते, रायफल नको.

पत्रेवाला

ताई, मी पत्र्याचं काम करतो. गाड्यांमध्ये हत्यारांच्या, कॅमेऱ्यांच्या, रोकडीच्या पेट्या बसवतो. तेव्हा पेटीच्या बाजूने बोलणार हे उघड आहे, पण पेटीवर यायच्या आधी दोन गोष्टी.

पहिली, नवऱ्याची शॉटगन. तो गाडीत नसताना ती तुमच्याकडे असते का? परवाना ज्याच्या नावावर, बंदूक त्याच्याच ताब्यात, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्या भागात तसा नियम असेल तर पेटी कितीही भक्कम केली तरी तुम्ही अडकाल. बंदूक गाडीत सोडून उतरण्याबद्दलही परवान्यात अट असू शकते. कुलपाला हात लावायच्या आधी परवान्याच्या मागचा मजकूर वाचा.

दुसरी गोष्ट फुकट आहे. रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत बसवून उडवणारा मागचा सरकता भाग, काढा आणि खिशात ठेवा. तुमच्या रायफलचा बोल्ट हाताने निघतो, पाना लागत नाही. गाडी फुटली, पेटी फुटली, अख्खी गाडीच पळवली, तरी चोराच्या हाती लागते ती नळी आणि लाकूड. ओव्हर-अंडरचा फोर-एंड (नळ्यांखालचा हाताने धरायचा पुढचा तुकडा) काढून घेतला की ती नीट जोडताच येत नाही. काही देशांतल्या पोलिसांच्या सूचनांतही हेच आहे: महत्त्वाचा एक भाग मालकाने अंगावर ठेवावा. मात्र काही ठिकाणी सुटा बोल्टसुद्धा कायद्याने बंदुकीचाच भाग धरला जातो, तेव्हा तो स्वच्छतागृहाच्या कट्ट्यावर ठेवून येऊ नका.

आता रानवाट यांची चादर. चादरीखाली सव्वा मीटर लांब, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळतं असं दुसरं काय असतं हो? उघड्या डिकीत पसरलेला पसारा बरा, त्यात डोळा ठरत नाही. आणि चोर म्युझिक सिस्टीमसाठी काच फोडतो हे खरं असलं, तरी आत रायफल सापडली तर तो काही परत ठेवून जात नाही.

केबल. पाच-सहा मिलिमीटरची केबल हातभर लांबीच्या बोल्ट-कटरने एका दमात तुटते. दहाची असेल तर थोडा वेळ लागतो. केबलचा खरा उपयोग वेगळा आहे. बोल्ट काढलेल्या ॲक्शनमधून, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागातून, ती ओवली की त्या रायफलीत काडतूस शिरत नाही, शिवाय रायफल पेटीच्या आतल्या कडीला बांधलेली राहते. पेटीच्या आत केबल उत्तम. एकटी केबल म्हणजे प्रामाणिक माणसासाठी लावलेलं कुलूप.

बटणाचा रॅक. तो चोरीसाठी बनवलेलाच नाही. गाडीत माणूस बसलेला असताना हत्यार चटकन हाती यावं आणि एरवी हलू नये, एवढंच त्याचं काम. लपवलेलं बटण दाबलं की विजेवर चालणारा खटका काही सेकंद सुटतो आणि पुन्हा बसतो. तुम्हाला चटकन काही नकोच आहे. उलट उशीर हवाय. शिवाय रॅकमधली बंदूक काचेतून दिसते.

म्हणून पेटी. पत्रा किमान दोन मिलिमीटर. बाजारातल्या सीटखालच्या बऱ्याच पेट्या सोळा गेजच्या, म्हणजे दीड मिमीच्या आसपास असतात. त्या टॉमीने, म्हणजे गाडीतल्या लोखंडी दांड्याने, दुमडतात. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे लक्षात ठेवा. तुमच्या नवऱ्याला हे पटकन कळेल, कारण बोअरचंही उलटंच आहे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बारा बोअर, आणि वीस बोअर तिच्याहून बारीक. असो. १२० बाय ३० बाय २० सेंमीची पेटी दोन मिमी पत्र्यात साधारण एकवीस किलो होते, तीन मिमीत एकतीस. हॅचबॅकला दोन मिमी पुरे, पण झाकणाच्या कडा आत दुमडून घ्यायच्या म्हणजे टॉमीचं टोक शिरायला फट राहत नाही. बिजागऱ्या आतून. बाहेर लोंबणारं कुलूप नको. दोन ठिकाणी बसणारी आतली कडी हवी, नाहीतर झाकणाचा मोकळा कोपरा उचलता येतो.

टॉमीवरून आठवलं. टॉमी आणि जॅकचा दांडा कुठे असतो? डिकीत, पेटीच्या शेजारी! चोराला हत्यार आपणच पुरवतो. ते पुढच्या सीटखाली हलवा, किंवा पेटीतच टाका.

पेटी गाडीच्या तळाला बोल्टने (नट-बोल्टमधला बोल्ट, रायफलचा नव्हे) बसवायची. गाडीच्या तळाचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, नुसता बोल्ट मारला तर हिसक्यासरशी पत्र्यासकट वर येतो. खालून तळहाताएवढी जाड पट्टी द्यायची. बोल्ट गोल डोक्याचे, डोकं खाली, नट पेटीच्या आत, म्हणजे गाडीखाली झोपून पान्याने खोलता येत नाहीत. भोकांना रंग आणि सीलंट, नाहीतर पाणी वर चढतं. स्टेपनीचा बोल्ट ज्या जागी बसतो तिथला पत्रा मुळातच मजबूत केलेला असतो, तो आधार मिळाला तर सोनं. सीटबेल्टचे बोल्ट मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी खोलायचे नाहीत. ते ठरावीक ताकदीने आवळलेले असतात आणि त्यांचं काम तुमच्या जिवाशी आहे.

बोल्ट केवळ चोरासाठी नाहीत. पन्नासच्या वेगाने येणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतली प्रत्येक सुटी वस्तू आपल्या वजनाच्या वीसपट जोराने पुढे जाते. साडेसहा किलोची रायफल म्हणजे एकशे तीस किलोचा धक्का, तुमच्या मानेच्या दिशेने. पेटी सुटी असेल तर हिशेब तुम्हीच करा.

दहा_दशांश_नऊ

पत्रेवाल्यांनी चोराचं सांगितलं, मी उन्हाचं सांगतो. मी दहा मीटर एअर रायफलवाला, त्यामुळे गाडीतल्या उष्णतेशी माझं जुनं वैर आहे.

उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान साठच्या पुढे जाऊ शकतं. आमची रायफल दाबलेल्या हवेवर चालते, तिच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाची हवा भरलेली असते. वीस अंशाला भरलेला २०० बारचा सिलिंडर साठ अंशाला गेला की आतला दाब सव्वादोनशेच्या वर जातो. म्हणून मी सिलिंडर गाडीत सोडतच नाही, रायफलीचा काढून पिशवीत टाकतो आणि बरोबर नेतो.

तुमच्या पॉइंट टू-टूच्या काडतुसांचं दुखणं वेगळं. शिशाच्या गोळीवर वंगणाचा मेणचट थर असतो, तो उष्णतेने मऊ होऊन ओघळतो. दारूही सततच्या उष्णतेने लवकर जुनी होते, आणि तापलेलं काडतूस दाब वेगळा देतं. मॅचसाठी एकेका लॉटची (एकाच वेळी बनलेल्या गठ्ठ्याची) परीक्षा घेऊन काडतुसं निवडायची आणि मग ती डिकीत भाजायची, हे मला कळत नाही. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात, आणि सावलीत. बंदूक आणि काडतुसं एकत्र चोराला द्यायची नाहीत हे तर आलंच.

आणि दमटपणा. एसीने गार झालेली रायफल बाहेर काढून दमट हवेत पेटी उघडली की स्टीलवर दव बसतं. पेटी बंदच ठेवा, धातू बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. आतला फोम ओल धरून ठेवतो, त्यामुळे घरी पोहोचल्यावर रायफल फोममध्ये राहू द्यायची नाही. सिलिका जेलच्या पुड्या टाका, पण त्या वाळवायला लागतात. कोणी वाळवत नाही.

रानवाट

बरं, चादर मागे घेतो. पण एक सांगतो जे वर कोणी लिहिलं नाही. गाडी थांबवल्यावर डिकी उघडून सामान लपवायचं नाही. जे काय झाकायचं ते निघतानाच झाका. पार्किंगमध्ये तुम्ही पेटीशी खुडबुड करताना जो बघतो तोच नंतर येतो. आणि शक्य असेल तिथे गाडी मागे घेत डिकी भिंतीला टेकवून लावा. मागचं दारच उघडत नाही.

काचेवर बंदुकीच्या कंपनीचे आणि शूटिंग क्लबचे स्टिकर असतील तर काढा. परवान्याची प्रत डॅशबोर्डच्या कप्प्यात नको, त्यावर घरचा पत्ता असतो.

पन्नासमीटर

किती छान उत्तरं. शॉटगनचा मुद्दा वाचून आधी परवाना काढून बघितला. पत्रेवाले दादा, तुमचं बरोबर निघालं. यापुढे ती त्याच्याबरोबरच जाईल, म्हणजे पेटी एकट्या रायफलीची.

आता अडचण अशी की डिकीत आडवी पेटी बसत नाही. दोन चाकांच्या कमानींमध्ये जेमतेम मीटरभर जागा आहे. बटप्लेट काढली तर रायफल आखूड होते, पण माझी सेटिंग मी कोणाला हलवू देणार नाही, स्वतःलाही नाही. तिरकी ठेवून बघितली, तर स्टेपनी काढायला पेटी हलवावी लागते. सीटखालीही जागा नाही.

आणि एक शंका. दर वेळी बोल्ट काढायचा तर तो पिशवीत फिरवताना खराब नाही का होणार?

पत्रेवाला

बोल्टला तेलाचा हलका हात फिरवून जाड कापडी पाकिटात ठेवा. किल्ल्यांबरोबर एकाच कप्प्यात नको, फायरिंग पिनच्या टोकाला घासतात. आणि बोल्ट काढला तरी चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, सेफ्टी फ्लॅग (बंदूक रिकामी असल्याची रंगीत खूण) घाला, म्हणजे कोणी तपासायला पेटी उघडायला लावली तर बघताक्षणी कळतं.

आडवी नाही तर उभी. तुमची मागची सीट साठ-चाळीस दुमडणारी आहे का? असेल तर चाळीसचा तुकडा कायमचा पाडायचा आणि पेटी लांबीच्या दिशेने ठेवायची, डिकीच्या ओठापासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत. मागे दोनच माणसं बसतील एवढं नुकसान. तीन गोष्टी बघाव्या लागतील. पेटीचं पुढचं तोंड पुढच्या सीटच्या पाठीला टेकता कामा नये, टक्कर झाली तर पेटी तिथे बसलेल्याच्या पाठीत जाईल. झाकण वर उघडायला छताशी जागा हवी, नाहीतर डिकीकडून ओढायचा खण करू, कुलूप डिकीच्या तोंडाशी. भिंतीला डिकी टेकवली की मग खणही उघडत नाही, रानवाटांचा मुद्दा आपोआप साधतो. आणि खणात रायफल कुशीवर झोपवायची, नेम धरायच्या मागच्या साइटवर भार येऊ द्यायचा नाही. साइटला धक्के बसत राहिले तर झीरो, म्हणजे जुळवून ठेवलेला नेम, हलेल आणि शिव्या मला.

माप घेताना पुढची सीट जिथे नेहमी असते तिथेच ठेवा, पुढे सरकवून माप देऊ नका, लोक हटकून तसंच करतात. आणि गाडी रॅम्पवर चढवून त्या चाळीसच्या तुकड्याखालचा फोटो काढा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखालीच पेट्रोलची टाकी असते, ब्रेकची नळीही तिथूनच जाते. टाकी तिथे असेल तर पुढचे दोन बोल्ट रद्द करून मागे चार घ्यावे लागतील आणि पट्टी लांब करावी लागेल. फोटो आल्याशिवाय मी ड्रिल हातात धरणार नाही.