नुसतं 'धनेश' लिहून भागतं का?

प्रश्न : आम्ही इंदूरकर 'धनेश' (हॉर्नबिल) म्हणतो तो रेसिडेन्सी भागातल्या वड-पिंपळांवर येणारा करडा पक्षी. कर्नाटकातल्या दांडेलीच्या जंगलातून आलेल्या भाच्याने मात्र पक्ष्यांच्या नोंदवहीत चार ठिकाणी नुसतंच 'धनेश' लिहिलंय. एके ठिकाणी 'गरुड', तेही कंसात. नेमकं काय लिहायचं?

– ताई, धनेश हे आडनाव झालं, नाव पुढे लावावं लागतं. दांडेलीत चार धनेश आहेत : महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि आपल्या इंदुरातला राखी धनेश. घोटाळा होतो तो दोन राख्यांचा. आपल्याच्या चोचीवर काळपट शिंग असतं, मलबारीच्या चोचीवर ते नसतंच. मलबारी हा फक्त सह्याद्रीतला, तेव्हा इंदुरात तो दिसल्याचं कुणी सांगितलं तर आधी चोच विचारा.

– 'कवड्या' म्हणजे काळा-पांढरा. कवड्या खंड्यातला तोच.

– माझं माहेर कोकणातलं. तिकडे मोठ्या धनेशाला सर्रास गरुड म्हणतात, ककणेरही ऐकाल. चूक कशी म्हणू? पण पुस्तकातला गरुड शिकारी, आणि धनेशाचं मुख्य खाणं उंबर-वडाची फळं. म्हणून वहीत स्थानिक नावासाठी वेगळा रकाना ठेवा, 'गरुड' तिथे. खोडू मात्र नका, कोणत्या गावात काय म्हणतात हीसुद्धा नोंदच आहे.

– 'शिंगचोच्या' हा शब्दही जुन्या मंडळींकडून ऐकलाय. मला तो धनेशापेक्षा आवडतो, पाहिलं तेच सांगतो. 'शिरस्त्राण' मात्र फार पुस्तकी, युद्धाला निघाल्यासारखं. शिंगच म्हणा.

– शिंगावर अडू नका, दाट रानात ते दिसेलच असं नाही. दोन मोठ्यांत शेपटी बघा. महाधनेशाची पांढरी, मध्ये एक काळा पट्टा, शिवाय मान पिवळसर. कवड्याची मान काळी, शेपटीच्या कडा पांढऱ्या. महाधनेश उडताना पंखांचा फसफस आवाज लांबवर येतो, कारण पिसांच्या मुळांशी फटी असतात, त्यातून हवा जाते.

– (प्रश्न विचारणारी) भाच्याला शेपटीचं विचारलं. तीन नोंदींना तो ठाम आहे. चौथ्या वेळी फक्त आवाज ऐकला होता, पक्षी फांद्यांआड गेला. तिथे 'मोठा धनेश, जात नक्की नाही' असं लिहायला सांगितलंय.