पावसाळ्यातला कॅमेरा: हरवळ्याचा धबधबा, माशेलचा चिखलकाला आणि लेन्समधली बुरशी

कुळागर

नमस्कार मंडळी. राहायला गोव्यात, फोंड्याजवळ. कॅनन १५००डी, त्यासोबत १८-५५ आयएस-२ आणि ५५-२५० आयएस-२, दोन्हींचा फिल्टर ५८ मिमीचा. सगळं कापडी बॅगेत, लाकडी कपाटात असतं. ५५-२५० मध्ये टॉर्च मारला की आत कडेला कोळिष्टकासारखे बारीक पांढरे धागे दिसतात. ही बुरशीच का? आता काय करावं, आणि पुढे सामान ठेवायचं कसं?

दुसरं, यंदा हरवळ्याचा धबधबा काढायचा आहे, पाणी रेशमासारखं यायला हवं. एनडी१००० फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, घ्यावा म्हणतो. माशेलच्या चिखलकाल्यासाठी, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवासाठी, सेटिंग काय ठेवावी? आणि डार्कटेबल या सॉफ्टवेअरमध्ये एडिट करताना पावसाळी हिरवा रंग प्लास्टिकसारखा भडक होतो, तो कसा आवरायचा?

चिरेबंदी

धागे आहेत म्हणजे बुरशीच. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते. खात्रीसाठी खोलीत अंधार करा, लेन्स कॅमेऱ्यातून काढा, मागून टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. कॅननच्या या लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं भोक, लेन्स सुटी असताना उघडंच असतं, त्यामुळे आतपर्यंत दिसतं.

कडेला आहे तोवर फोटोत फरक जवळपास कळणार नाही. उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो धुरकट येऊ लागले की समजा, ती मधे सरकली. बुरशी आम्ल सोडते आणि ते काचेवरचं कोटिंग खातं. एकदा कोटिंग गेलं की लेन्स साफ करूनही डाग राहतो, म्हणून वाढ आजच थांबवायला हवी. उन्हात ठेवायचा सल्ला ऐकू नका. आतल्या काचेपर्यंत पोचेतो बुरशी मारणारे बरेचसे अतिनील किरण गाळले जातात, आणि तापलेलं ग्रीस अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरलं तर वेगळंच दुखणं लागतं. बाहेरच्या काचेवर असती तर लेन्स क्लीनर आणि मायक्रोफायबरने भागलं असतं. आतली असल्यामुळे लेन्स उघडावीच लागेल, आणि ते काम जाणत्या कारागिराकडेच द्या. आधी खर्च विचारून घ्या. ५५-२५० साठी तो जुन्या बाजारातल्या लेन्सच्या किमतीजवळ गेला तर खाली सांगतो तसा हवाबंद डबा करा, लेन्स कोरडी ठेवा आणि आहे तशी वापरा.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे कॅमेरा पावसाच्या पाण्याने बिघडतो त्यापेक्षा जास्त घरातल्या दमट हवेने बिघडतो. जून ते सप्टेंबर हवेची आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वरच असते, आणि ६५-७० च्या पुढे बुरशी फोफावते. तुम्ही ठेवता ती कापडी बॅग ओल धरून बसते, लाकडी कपाटही तेच करतं. चामड्याची केस तर सगळ्यांत वाईट. कपाटात बल्ब लावायची जुनी पद्धत आहे. २७ अंशांची ८५ टक्क्यांची हवा ३२ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ६५ च्या आसपास येते. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण काठावरच.

१२-१५ लिटरचा, झाकणाला रबरी गॅस्केट असलेला प्लास्टिकचा डबा घ्या. झाकणात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा, सहज निसटली तर तो डबा नको. आत २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) जाळीच्या पिशवीत आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र. एवढ्या डब्यातल्या हवेत पाणी अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतं, तेव्हा जेल चार दिवसांत रंग बदलू लागलं तर दोष जेलचा नाही. एक तर झाकण हवा घेतंय, नाहीतर सामान ओलं आत गेलंय. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवा. ३० च्या खाली फार काळ नको, ग्रीस आणि रबर सुकायची भीती असते.

जेल नारिंगी घ्या, ओल धरली की ते हिरवट होतं. निळ्यातून गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. परत वापरायचं तर ११० ते १२० अंशांच्या ओव्हनमध्ये पातळ पसरून दोन तास. ओव्हन नसेल तर जुन्या तव्यावर अगदी मंद आंचेवर, ढवळत. मात्र तो तवा पुन्हा स्वयंपाकात आणायचा नाही. आंच वाढली की दाणे तडकतात आणि रंग करपतो, मग ओल कळतच नाही. तापलेलं जेल घट्ट झाकणाच्या बरणीत निवू द्या. उघड्यावर ठेवलं तर निवता निवताच पुन्हा ओल धरतं.

तांदळाने काही होत नाही, उलट भुशी लेन्सच्या रिंगांत शिरते. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते. बुरशी लागलेली लेन्स कारागिराकडून येईपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवा.

विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट चांगलं, पण दोन लेन्ससाठी गरज नाही. ते घेतलंच तरी दाराचं सील नीट पारखून घ्या, कारण पावसात वीज तासन् तास जाते आणि तेवढा वेळ सगळी भिस्त सीलवरच असते.

मांडवीकाठ

एनडी१००० घेऊ नका. हिशेबच बघा. ढगाळ दुपारी हरवळ्याच्या घळीत आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर एफ/८ ला शटर साधारण १/३० सेकंद मिळतो. एनडी१००० म्हणजे १० स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा), १/३० चे होतात जवळपास ३४ सेकंद. तेवढ्या वेळात तुषार फिल्टरवर बसतात, झाडं हलतात, आणि जुलैतलं भरलेलं पाणी पांढऱ्या चादरीसारखं सपाट दिसतं. भर पावसातल्या जाड धारेला १/८ ते १/२ सेकंद पुष्कळ झाला, त्यात पाण्याच्या शिरा टिकतात. चवथीनंतर धार बारीक होते, तेव्हा १ ते २ सेकंद शोभतो.

आधी घ्यायचा तो सर्क्युलर पोलरायझर. ओल्या पानांवरची आणि खडकांवरची पांढरी चकाकी तो काढतो, आणि ते काम कुठलंच सॉफ्टवेअर नंतर करू शकत नाही. दीडेक स्टॉप उजेडही खातो. जोडीला एनडी८, म्हणजे ३ स्टॉप. दोन्ही मिळून १/३० चा साधारण पाऊण सेकंद होतो. जास्त झाला तर एनडी काढा, कमी पडला तर एफ/११ करा. एफ/१६, एफ/२२ वर जाऊन वेळ वाढवू नका, या सेन्सरवर डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून उजेड पसरल्यामुळे) सगळं चित्र मऊ पडतं. १८ मिमीला दोन जाड कड्यांचे फिल्टर एकावर एक चढवले की कोपरे काळे येतात, तेव्हा पातळ कड्यांचे घ्या किंवा २२-२४ मिमीपर्यंत झूम करा.

एक खोच लक्षात ठेवा. तुमच्या आयएस-२ लेन्सचं पुढचं तोंड फोकस करताना फिरतं, आणि पोलरायझरचा कोन बिघडतो. म्हणून आधी फोकस करा, लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकस) न्या, मग पोलरायझर फिरवा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर बंद. लाइव्ह व्ह्यू चालू ठेवा म्हणजे आरसा आधीच वर असतो, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. पांढऱ्या पाण्यामुळे कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, पाण्याचा ढीग उजव्या कडेला चिकटायला नको. तांबडी सुर्ल्याच्या दगडी देवळात याच्या उलट: भिजलेला काळा बेसाल्ट मीटरला राखाडी करायचा असतो, तिथे −१ स्टॉप द्या.

ट्रायपॉडचा पाय वाहत्या पाण्यात ठेवू नका, थरथर येते. मधला दांडा खाली घ्या. घरी आल्यावर पायांचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा, आत रेती राहिली की लॉक घासतात. शेवाळलेल्या जांभ्या दगडावर पाय ठेवू नका, आणि निघण्यापूर्वी धबधब्यावर बंदीचा आदेश आहे का याची चौकशी करा. वर घाटात पाऊस कोसळला की खाली पाणी मिनिटांत चढतं.

तिसवाडीकर

पोलरायझरबद्दल पूर्ण सहमत. एनडी मात्र आत्ताच विकत घ्यायची गरज नाही. ट्रायपॉडवर एफ/११, १/१५ चे आठ फ्रेम सलग घ्या, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल. आठांची सरासरी म्हणजे अर्ध्या सेकंदासारखं पाणी, शिवाय नॉइज (दाणेदारपणा) कमी. एकाच सेटिंगने रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल) डेव्हलप करून १६-बिट टिफ फाइल काढा, जिंप या सॉफ्टवेअरमध्ये सगळे थर म्हणून उघडा आणि खालून वर अपारदर्शकता अशी द्या: १००, ५०, ३३, २५, २०, १७, १४, १२.५. प्रत्येक थराला १०० भागिले त्याचा क्रमांक, एवढंच गणित. सगळ्यांना सारखीच दिली तर वरचे थर वरचढ होतात. वाऱ्याने पानं दुहेरी दिसली तर एकाच फ्रेममधली पानं वर मास्क करून ठेवा. एखाद्या फ्रेममध्ये लेन्सवर थेंब आला असेल तर ती टाकून द्या. एकाच लांब एक्स्पोजरमध्ये थेंब आला तर अख्खा फोटो गेला, म्हणून पावसात मला हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

मांडवीकाठ

पद्धत चांगली, पण फ्रेमच्या मधली फट वेगवान धारेत पायऱ्यांसारखी दिसू शकते. आठऐवजी पंधरा-सोळा फ्रेम घेतल्या की ती मिटते. मंद ओहोळाला आठ पुरे.

हळदीचं_पान

चिखलकाल्याबद्दल. देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात माणसं सतत पळतात, उड्या घेतात. शटर १/१०००, अ‍ॅपर्चर उघडं, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ३२००. ढगाळ उजेडात ८०० ते १६०० मध्ये भागतं. फोकस एआय सर्व्होवर (हलत्या माणसाचा पाठलाग करणारा), मधला बिंदू. पाऊस दिसायला हवा असेल तर १/२५० वर या आणि मागे काळोखी झाडं किंवा देवळाची सावली घ्या. उजळ आकाशावर धारा दिसत नाहीत. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर जवळचे थेंब पांढरे गोळे होऊन येतात. ५५-२५० घेऊन कडेला उभे राहा. हा देवाचा उत्सव आहे, खेळाच्या मधे कॅमेरा घेऊन शिरू नका, आणि आत शिरलात तर लेन्सवर चिखल येणारच.

चिखल उडाला तर सुका कपडा फिरवू नका. त्यातली रेती कोटिंगवर ओरखडे काढते. आधी ब्लोअर, मग ओलसर कपड्याने न दाबता टिपणं, शेवटी मायक्रोफायबर. कॅमेऱ्यावर साधी जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्ससाठी भोक, आणि हूडवर रबरबँड. मैदानात लेन्स बदलायची नाही.

भडक हिरव्याचं मूळ व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे उजेडाच्या रंगाची भरपाई करणाऱ्या सेटिंगमध्ये आहे. झाडांखाली सगळा उजेडच हिरवा असतो. ऑटो गोंधळतो, आणि मग आपण सॅच्युरेशन वाढवून भरपाई करायला जातो. जागेवरच राखाडी कार्डाचा एक फोटो घेऊन ठेवा. डार्कटेबलमध्ये ‘व्हाइट बॅलन्स’ला हात लावू नका, ‘कलर कॅलिब्रेशन’मधल्या पिकरने ते कार्ड निवडा. दोन्हीकडे बदल केलात की इशारा दिसतो आणि रंग दोनदा सुधारले जातात.

मग एक्स्पोजर, मग सिग्मॉइड (उजेड-सावली बसवणारं मॉड्यूल). त्यानंतर ‘कलर झोन्स’मध्ये पिवळा आणि हिरवा या दोन्हींचं सॅच्युरेशन थोडं खाली ओढा. गवत आणि भाताची रोपं आपल्याला हिरवी वाटतात तरी फाइलमध्ये ती बहुतांशी पिवळ्यात असतात, त्यामुळे नुसता हिरवा हलवून काही होत नाही. भडकपणा बहुतेक वेळा त्या पिवळ्यातूनच येतो. ब्राइटनेसही किंचित कमी करा, ओलं पान गडद असतं. ‘हेझ रिमूव्हल’ धबधब्यावर लावू नका, तुषारांचं धुकं काढलं की पावसाळाच निघून जातो. हवंच असेल तर मास्क करून फक्त पुढच्या खडकांवर लावा.

निर्यात एसआरजीबी या रंगविस्तारात, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग ९०. दुसरा रंगविस्तार निवडलात तर काही फोनवर तोच हिरवा मळकट दिसेल.

कुळागर

सगळ्यांचे मनापासून आभार. डबा आणि जेल आणलं. हायग्रोमीटर स्वस्तातला आहे, तो खरं दाखवतो हे कसं कळणार? आणि आणखी एक: रात्री एसी चालू असलेल्या खोलीतून सकाळी बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. पुसली की पुन्हा येते.

चिरेबंदी

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब टाका. चिखलासारखं व्हायला हवं, विरघळायला नको. ते झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. तुमचा ६९ दाखवत असेल तर दरवेळी ६ मिळवा.

वाफेचं असं आहे, कुळागरबाब. बाहेर २७ अंश आणि ८५-९० टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २४-२५ अंशांवर असतो. खोली २२ ला ठेवली तर लेन्स दवबिंदूहून थंड, म्हणून पाणी धरणारच. कितीही पुसलं तरी काच तापेपर्यंत येत राहतं. एसीच्या खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा, आणि बाहेर आणल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडू नका. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगाला धरेल. तेवढ्या वेळात लेन्स बदलू नका, नाहीतर तीच वाफ सेन्सरवर बसते. पहाटे निघायचं असेल तर रात्रीच कॅमेरा डब्यासकट एसी नसलेल्या खोलीत ठेवा. गाडीतला एसीही तेच करतो, हरवळ्याला पोचायच्या वीसेक मिनिटं आधी तो बंद करून काचा थोड्या खाली घ्या.

कुळागर

कळलं. रविवारी आधी मिठाची चाचणी, मग पोलरायझर. देव बरें करूं.