स्टॉकफिश सोपं करायचं तर थ्रेड्सला हात नका लावू

दादा, स्टॉकफिश हे बुद्धिबळ खेळणारं इंजिन (संगणक प्रोग्राम) मुलासाठी सोपं व्हावं म्हणून थ्रेड्स (विचाराला एकाच वेळी किती प्रोसेसर लावायचे) १ आणि हॅश (किती एमबी मेमरी वापरायची) १६ केलंत म्हणता, अहो ते तर डिफॉल्टच आहे, त्यावरही स्टॉकफिश आपल्याला धुऊन काढतं. त्याऐवजी सेटिंगमधली स्किल लेव्हल (खेळाची पातळी) बघा, ० ते २०, खाली आणलं की मधूनच मुद्दाम हलकी चाल खेळतं, म्हणजे बराच वेळ ग्रँडमास्टर आणि अचानक उंट फुकट, मला तरी ते खोटं वाटतं. लिमिट स्ट्रेंग्थ (ताकद मर्यादित करा) हा पर्याय टिक केलंत तर मग स्किल लेव्हलला कोणी विचारत नाही, एलोचा (खेळाडूच्या ताकदीचं रेटिंग) आकडा चालतो, पण तो १३२०च्या खाली जात नाही आणि नवशिक्या पोराला तेही जडच. इथे ऐरोलीत सोसायटीतल्या पोरांना मी इंजिनचा वजीरच काढून देतो, जाम खूश असतात. नंतर गेम तपासताना मल्टीपीव्ही (इंजिनने एकावेळी किती चांगल्या चाली दाखवायच्या) ३ ठेवा, थोडं स्लो होतं पण पर्याय दिसतात.